वाचक विचारतात : फ्रेंचमध्ये एमए करू का?

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, वय 22. अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेतलं आणि मग ते सुटलंच नाही. बीकॉम करता करता पुण्यात क्लास लावला, देल्फ बी2 (फ्रेंच येण्याची पातळी ठरवणारी परीक्षा, बी2 म्हणजे मधल्यापेक्षा वरची पातळी) पास झाले. आता एमए फ्रेंच करायचंय, पण बाबा म्हणतात फ्रेंचवर पोट भरत नाही, सरळ एमबीए कर. एमएला नेमकं शिकवतात काय? आणि बीकॉमवालीला घेतील का?

उत्तर : सोपं आधी उरकते. घेतात गं. बीए फ्रेंच नसलं तरी बऱ्याच ठिकाणी वाट असते, फ्रेंचची पातळी दाखवायची, प्रवेश परीक्षा द्यायची. तुला जवळ म्हणजे पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, तोच फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला. मग मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा फ्रेंच विभाग आणि गोवा विद्यापीठ. लांब जायची तयारी असेल तर जेएनयू (तिथे सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते), हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, आणि पाँडिचेरी विद्यापीठ. अटी दरवर्षी थोड्या इकडेतिकडे होतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारत बसू नकोस, तिथे प्रत्येकजण आपल्या वर्षाचा नियम सांगतो.

आता खरा मुद्दा. एमए म्हणजे बी2 नंतरच्या पातळीचा, सी1चा, क्लास नव्हे. इथेच निम्मी मुलं फसतात. क्लासमध्ये आपण हॉटेलात ऑर्डर द्यायला, ऑफिसला ईमेल लिहायला, प्रदूषणावर मत मांडायला शिकतो, आणि एमएच्या पहिल्या सेमिस्टरला समोर येतात मोलिएर, व्होल्तेर, बोदलेर. भाषा येतेच आहे असं धरून चालतात आणि पुढचं सगळं साहित्य, इतिहास, समीक्षा, भाषाशास्त्र, भाषांतर, तेही बहुतेक फ्रेंचमधूनच. बी2वाल्यांना पहिला दणका बसतो तो पासे सँप्लचा. हा भूतकाळ बोलताना कोणी वापरत नाही म्हणून क्लासमध्ये त्याच्यावरून घाईघाईत हात फिरवतात, आणि एकोणिसाव्या शतकातली कुठलीही कादंबरी उघड, पानोपानी तोच. महिनाभर नुसती क्रियापदं ओळखण्यात जातो.

दुसरं म्हणजे एक्स्प्लिकासिओं द तेक्स्त. नाव भारी आहे, काम साधं आणि चिवट. वीस-पंचवीस ओळींचा उतारा झेरॉक्स करून हातात देतात आणि सांगतात की याचं विवेचन कर. आपल्याला शाळेपासून सवय कसली, तर सारांश लिहायची, आशय स्पष्ट करा. इथे सारांश लिहिला की मार्क गेलेच म्हणून समज. उदाहरण देते. आल्बेर काम्यूची 1942ची 'लेत्रांजे' ही कादंबरी बहुतेक ठिकाणी असतेच अभ्यासाला. पहिल्याच पानावर नायकाला आई गेल्याची तार येते, तो मालकाकडे दोन दिवसांची रजा मागतो आणि वर म्हणतो, यात माझी काही चूक नाही. उताऱ्यात काय घडलं हे बाईंना माहितीये, त्यांना तू सांगायचं की वाक्यं इतकी तोकडी का आहेत, एका वाक्याला दुसऱ्याशी जोडणारं 'म्हणून' किंवा 'कारण' जवळजवळ कुठेच का नाहीये, आणि कादंबरीचा सरावाचा पासे सँप्ल सोडून लेखकानं रोजच्या बोलण्यातला पासे कोंपोझे का धरला. रजा मागताना माफी मागणारा हा माणूस पुढे कोर्टात कसा अडकणार याची चाहूल त्या एका वाक्यात आहे का, असंही विचारतात. हे वाचून तुला मजा वाटली असेल तर कर एमए. 'बापरे, एवढं कशाला खोदायचं' असं वाटलं असेल तर सी1 कर आणि दुसरं काहीतरी शिक, त्यात कमीपणा नाही.

आणि फक्त पॅरिसचं साहित्य असतं असं नाही हं. सेनेगलची मारियामा बा, अल्जीरियाची आसिया जेबार, मार्तिनिकचे एमे सेझेर, मॉरिशसची आनंदा देवी, हा फ्रँकोफोन, म्हणजे फ्रान्सबाहेरच्यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेला, भाग मला स्वतःला जास्त जिवंत वाटतो. आपल्याकडच्या मुलांना तो पटकन कळतोही, इंग्रजीतून शिकलेली आणि घरी मराठी बोलणारी पोरं आहोत आपण, परक्या भाषेत लिहिण्याचा गुंता आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. प्रबंधाला विषय नाही सुचला तर इथेही भरपूर आहे. गी देल्यूरी नावाच्या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, पुस्तक 1956 साली गालिमार या फ्रेंच प्रकाशनानं काढलं. अभंगाच्या चार चरणांचं फ्रेंचमध्ये काय होतं हे तपासायला मराठी घरातली मुलगी नको का?

पोटाचं. बाबांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या एमएवर मिळतं काय, तर खाजगी क्लास, भाषा संस्थेत तासावर शिकवणं, थोडंफार भाषांतर. साध्या भाषांतराचे दर मशीननं पाडलेत, आता काम येतं ते मशीननं केलेलं तपासून सुधारायचं. सीबीएसई, आयबी शाळांमध्ये फ्रेंचच्या शिक्षकांना मागणी आहे, पण पर्मनंट व्हायचं तर बीएड लागतं. कॉलेजसाठी नेट, त्यात फ्रेंच विषय आहे, जागा मात्र मोजक्या.

पण तू बीकॉम आहेस हे विसरू नकोस आणि लपवू तर अजिबात नकोस. पुण्यातल्या आयटी आणि बॅक ऑफिस कंपन्या फ्रान्स, बेल्जियमच्या क्लायंटची बिलं, पेमेंट, खाती सांभाळतात, तिथे फ्रेंच येणारा मिळतो पण डेबिट-क्रेडिट कळणारा फ्रेंचवाला शोधावा लागतो. बाबांना हे सांग. एमबीए दोन वर्षांनी करता येईल, कुठे पळून जात नाही.

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीहून लिहितेय. मुलगी बीए फ्रेंचच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणते मास्टर्स फ्रान्सलाच करणार. खर्च झेपेल का? एजंट चार लाख मागतोय नुसतं अॅडमिशनचं.

उत्तर : एजंटला आधी हात जोडा. कँपस फ्रान्स, म्हणजे फ्रान्समध्ये शिकायला जाणाऱ्यांसाठीची फ्रेंच सरकारी संस्था, तिची ऑफिसं मुंबईत आणि पुण्यात आहेत, अर्ज त्यांच्याच ऑनलाइन पद्धतीनं होतो, मुलाखतही तेच घेतात, मुलगी बीए फ्रेंच आहे म्हणजे फॉर्म तिला तुमच्या एजंटपेक्षा बरा भरता येईल.

तिथली सरकारी विद्यापीठं आपल्याकडच्या खाजगी कॉलेजांच्या मानानं स्वस्त आहेत. 2019 साली त्यांनी युरोपबाहेरच्या मुलांसाठी मास्टर्सची फी वर्षाला 3,770 युरो केली, नंतर थोडी वाढली, पण बरीच विद्यापीठं त्यात सूट देतात, तेव्हा विद्यापीठ निवडताना हे आधी बघा. खरा खर्च राहण्याचा. पॅरिसचा हट्ट सोडायला सांगा, ल्यों, लील, रेन, पॉइत्ये इथेही विद्यापीठं आहेत आणि घरभाडं बरंच कमी. विद्यार्थ्यांना वर्षाला 964 तास काम करता येतं, पण मुलगी काम करून सगळं भागवेल हा हिशोब धरू नका. फ्रेंच दूतावासाची शार्पाक स्कॉलरशिप असते, त्याच्या तारखांवर लक्ष ठेवा.

एक विचारते, राग मानू नका. तिला साहित्यच करायचंय की तिथे जायचंय? शिकवायचं असेल तर तिथे एफएलई, म्हणजे परक्यांना फ्रेंच शिकवण्याचं, वेगळं मास्टर्स असतं आणि परत आल्यावर नोकरीला ते जास्त कामाला येतं. तिला घाई नसेल तर आणखी एक वाट आहे, फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीची असिस्टंट म्हणून काही महिने जाता येतं, भारतातल्या फ्रेंचच्या मुलांना ही संधी असते, थोडा पगारही मिळतो. आधी तो देश बघू दे, मग दोन वर्षांचे पैसे घाला.

प्रश्न : वय 34, हिंजवडीत नोकरी, कॅनडा पीआरसाठी (तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी) फ्रेंच शिकतोय. एमए केलं तर पॉइंट वाढतील का?

उत्तर : एमए फ्रेंच यासाठी करू नका दादा. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरसाठीच्या कॅनडाच्या पॉइंट पद्धतीत, फ्रेंचचे पॉइंट मिळतात टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षांच्या मार्कांवर, देल्फसुद्धा तिथे चालत नाही. 2023 पासून फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे अर्जासाठी बोलावण्याच्या फेऱ्या, निघतात, त्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं चारही गोष्टींत एनसीएलसी 7, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवर सातवी पातळी, लागते. निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून बाकीची कागदपत्रं तयार झाल्यावरच परीक्षेचे पैसे भरा. आणि मराठी माणसाची गाडी बहुतेक वेळा अडते ती ऐकण्यात, तेव्हा व्याकरणाची वही बाजूला ठेवून रोज अर्धा तास फ्रेंच रेडिओ लावा, ट्रॅफिकमध्ये तेवढा वेळ मिळतोच तुम्हाला.