इंटरफेसमधला कन्स्ट्रक्टर रिफ्लेक्शनला कसा दिसतो?

प्रश्न : पीएचपी 8.2 मध्ये आमच्या 'अहवाल' इंटरफेसात (क्लासात कोणत्या मेथड हव्यात ते ठरवणारा करार) `__कन्स्ट्रक्ट(जोडणी)` हा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड, जाहीर केलेला आहे. आमची फॅक्टरी (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) रिफ्लेक्शनने, म्हणजे कोडची रचना चालताना तपासायच्या सोयीने, क्लास तपासून ऑब्जेक्ट बनवते. एखाद्या क्लासचा कन्स्ट्रक्टर या इंटरफेसाला बांधलेला आहे, हे ओळखायचं कसं?

उत्तर : इंटरफेसावरच `हॅजमेथड` चालवलं तर कन्स्ट्रक्टर सापडतो आणि `इजअ‍ॅब्स्ट्रॅक्ट` खरं येतं. `इजइन्स्टॅन्शिएबल` मात्र खोटंच येणार. इंटरफेसाचं ऑब्जेक्ट होत नाही. फॅक्टरीत पहिली चाळणी हीच लावा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर `गेटप्रोटोटाइप`मध्ये आहे. साध्या वारशात पीएचपी कन्स्ट्रक्टरची सही (पॅरामीटरची यादी आणि प्रकार) जुळते का ते बघत नाही, म्हणून तिथे प्रोटोटाइपही (ज्या मूळ मेथडशी सही ताडायची ती) नसतो आणि ही मेथड अपवाद फेकते. कन्स्ट्रक्टर इंटरफेसात किंवा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (आतला कोड न देता) म्हणून जाहीर असेल तरच प्रोटोटाइप मिळतो. म्हणून क्लासच्या कन्स्ट्रक्टरवर आधी `हॅजप्रोटोटाइप` विचारा (ते 8.2 पासूनच आहे, त्याआधीच्या आवृत्तीत ट्राय-कॅच लावा), मग प्रोटोटाइपच्या `गेटडिक्लेरिंगक्लास`वर `इजइंटरफेस` तपासा. ही शेवटची पायरी गाळलीत तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासातून आलेला कन्स्ट्रक्टरही चाळणीतून निसटेल.

हे बंधन नातवंडांपर्यंत जातं. 'अहवाल' राबवणाऱ्या क्लासला एक्स्टेंड करणाऱ्या क्लासचा कन्स्ट्रक्टरही इंटरफेसाच्याच सहीशी ताडला जातो. जादा पॅरामीटर हवा असेल तर त्याला डीफॉल्ट किंमत द्या, नाहीतर फेटल एरर. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट केला तरी तेच, त्यामुळे सिंगलटनचा (क्लासचं एकच ऑब्जेक्ट ठेवण्याचा) बेत इथे बसत नाही.

खरी खोड पॅरामीटरच्या नावांत आहे. इंटरफेसात `जोडणी` आणि क्लासात `डीबी` असं लिहिलं तरी पीएचपी हूं की चूं करत नाही. पण 8.0 पासून `न्यूइन्स्टन्सआर्ग्ज` अ‍ॅरेतल्या स्ट्रिंग किल्ल्यांना नेम्ड आर्ग्युमेंट (पॅरामीटरच्या नावाने दिलेली किंमत) समजतं, आणि नावं धरतं ती क्लासातली. किल्ली `जोडणी` असेल तर 'अननोन नेम्ड पॅरामीटर' म्हणून कोड कोसळेल. किल्ल्या `अ‍ॅरे_व्हॅल्यूज`ने काढून क्रमानेच पाठवा. क्रमाची हमी सहीच देते.

आणि इंटरफेसातल्या कन्स्ट्रक्टरमध्ये प्रॉपर्टी प्रमोशन (पॅरामीटरलाच क्लासची प्रॉपर्टी करणं) चालत नाही. पॅरामीटरच्या आधी पब्लिक लावलंत की कंपाइल होतानाच अडेल.

आमच्या मते, वीस ठिकाणी एकाच सहीने क्लास उभे करायचे असतील तरच कन्स्ट्रक्टर इंटरफेसात ठेवावा. दोन-तीनच असतील तर वेगळा फॅक्टरी इंटरफेस लिहिणं कमी त्रासाचं.