'पारामो' म्हणजे कोरडा माळ की ओले रान?

प्रश्न असा आहे : मेक्सिकोचे लेखक हुआन रुल्फो यांच्या 'पेद्रो पारामो' या कादंबरीविषयी वाचताना 'पारामो' या आडनावाचा अर्थ 'ओसाड माळ' असा दिलेला आढळला, मात्र कोलंबियावरच्या एका माहितीपटात हाच शब्द धुक्यात बुडालेल्या, पाण्याने निथळणाऱ्या डोंगरमाथ्यांसाठी वापरला होता. यांतला खरा अर्थ कोणता, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

दोन्ही अर्थ खरे आहेत. ते परस्परविरोधी वाटतात याचे कारण असे की, मराठीत अर्थ देताना आपण या शब्दाला 'कोरडेपणा' चिकटवतो, आणि तो त्याच्या गाभ्यात नाही. स्पॅनिश अकादमीच्या कोशात 'पारामो'ची व्याख्या तीन विशेषणांत दिली आहे : ओसाड, सपाट आणि निवारा नसलेली जमीन. माझ्या मते यांतले तिसरे विशेषण सर्वांत महत्त्वाचे आहे. जिथे वाऱ्यापावसात माणसाला आडोसा मिळत नाही, तो पारामो.

शब्द फार जुना आहे, लॅटिन स्पेनमध्ये येण्याच्याही आधीचा. उत्तर स्पेनमधील लेओन या शहरात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. तिथल्या रोमन सैन्याचा तुलियुस नावाचा सेनानी शिकारीत मारलेल्या हरणांची शिंगे डायना देवीला अर्पण करतो आणि ही शिकार आपण 'पारामोच्या सपाटीवर' घोडा दौडवत केली, असे पद्यात नोंदवतो. सपाटीसाठी त्याने योजलेला लॅटिन शब्द समुद्राच्या पृष्ठभागासाठीही वापरला जातो. त्याच्या नजरेसमोर होता तो क्षितिजापर्यंत पसरलेला उघडा विस्तार. तिथे पाणी आहे की नाही, याची त्याला फिकीर नव्हती. लेओनच्या दक्षिणेच्या एका प्रदेशाचे नाव आजही 'एल पारामो' असेच आहे. कालव्यांचे पाणी आल्यापासून तिथे मक्याची शेते उभी राहतात, तरी नाव जुनेच राहिले आहे.

कोरडेपणाची छटा शब्दाला गडद चिकटली ती मध्य स्पेनमधल्या कास्तिय प्रांतामुळे आणि तिथल्या कवितेमुळे. स्पॅनिश कवी आंतोनियो माचादो १९०७ मध्ये सोरिया या लहानशा गावी फ्रेंचचे शिक्षक म्हणून गेले आणि १९१२ मध्ये त्यांचा कास्तियच्या शेतांवरचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका कवितेत पाइनची राने जाळणारा शेतकरी येतो; पुढे वादळी पाऊस जमिनीवरचा गाळ नद्यांतून समुद्राकडे वाहून नेतो आणि त्या माणसाच्या वाट्याला राबण्यासाठी उरतात ते 'शापित पारामो'. येथे पारामो निसर्गाने दिलेला नाही, माणसाने ओढवून घेतला आहे. हा धागा रुल्फोंपर्यंत पोहोचतो, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

स्पॅनिश लोक अँडीज पर्वतात पोहोचले तेव्हा वृक्षरेषेच्या वर, साधारण ३,००० मीटरच्या पुढे, त्यांना झाडे नसलेले, बोचऱ्या वाऱ्याचे माथे दिसले. ते माथे ओले होते, दलदलीचे होते. पण आडोसा नव्हता, म्हणून घरचाच शब्द त्यांनी तिथे लावला. या माथ्यांवर 'फ्राइलेखोन' नावाची वनस्पती उगवते. तिच्या पानांवर लोकरीसारखी दाट लव असते आणि वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती झग्यासारखी लोंबत राहतात. धुक्यात ती लांबून उभ्या असलेल्या साधूसारखी दिसते, आणि नावाचा अर्थही 'थोरला साधू' असाच आहे. बोगोता शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा चिंगासा या पारामोतून येतो. कोलंबियात आणि इक्वादोरमध्ये तर 'पारामो' म्हणजे चक्क बुरबुर पाऊस, आणि थंड पावसात भिजून काकडणे याला क्रियापद आहे 'एम्पारामार्से'. सन १८१९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे सेनानी सिमोन बोलिव्हार यांनी कोलंबियातला पिस्बाचा पारामो ओलांडला तेव्हा सखल, उष्ण गवताळ प्रदेशातून आलेले त्यांचे कित्येक सैनिक गारठून दगावले. अँडीजमधल्या माणसाला पारामो कोरडा आहे, असे सांगून पटणार नाही.

आता रुल्फोंकडे येतो. कादंबरी १९५५ ची. तिच्यातले कोमाला हे गाव निवेदकाच्या आईच्या आठवणीत हिरव्यागार सपाटीवर वसलेले आहे, आणि मुलगा तिथे पोहोचतो तेव्हा ते निखाऱ्यावर ठेवलेले वाटते. 'कोमाल' म्हणजे मेक्सिकोत पोळ्या भाजायचा तवा. या दोन चित्रांच्या मध्ये पेद्रो पारामो या जमीनदाराचा निर्णय आहे : मी हाताची घडी घालून बसेन आणि कोमाला उपाशी मरेल. त्याचे आडनाव अखेर गावाचे वर्णन होऊन बसते. डोंगरे, खडके, बरडे ही आडनावे मराठीतही आहेत, पण ती ऐकताना आपल्या मनात भूप्रदेश जागा होत नाही. स्पॅनिश वाचकाला या कादंबरीत तो क्षणभरही विसरता येत नाही.

अनुवादासाठी माझे मत असे. कास्तियच्या संदर्भात 'उघडा माळ' किंवा 'माळरान' बिनधास्त वापरावे. अँडीजसाठी 'पारामो' हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी अर्धे वाक्य समजावणीचे द्यावे. कोकणातला 'सडा' मला मोह घालतो, कारण तोही उघडा, खडकाळ आणि पावसात पाण्याने भरलेला असतो. परंतु त्याची उंची आणि थंडी अगदीच वेगळी असल्याने तो टाळलेला बरा. आडनाव अर्थातच आहे तसे ठेवावे, आणि उच्चारताना जोर पहिल्या 'पा'वर द्यावा.

मात्र शेवटच्या वाक्यात अनुवादकाने सावध राहावे. तिथे पेद्रो पारामो दगडांच्या राशीसारखा ढासळत जातो. 'पेद्रो' या नावाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला दगड आहे. म्हणून तिथे नुसता 'ढिगारा' लिहून भागणार नाही, 'दगड' हा शब्द उमटलाच पाहिजे.