सूत्र पाठ आहे, तरी दहावं पद चुकतं

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीला आहे. अंकगणिती श्रेढीचं, म्हणजे दर वेळी तीच संख्या मिळवत जाणाऱ्या ओळीचं, सूत्र तिला तोंडपाठ आहे. तरी ७, ११, १५, १९… या श्रेढीचं दहावं पद ती ४७ काढते. पुस्तकात उत्तर ४३ आहे. क्लासमध्ये तिच्याकडून सूत्र पन्नास वेळा लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ४७! तिचं लक्ष नसतं का? — एक आई, भांडुप

उत्तर : ताई, तिचं लक्ष आहे. हे ४७ विचार करून आलेलं उत्तर आहे, आणि तो विचार आपणच तिला लहानपणी दिलाय, पाढ्यांमधून. चारचा पाढा बघा : ४, ८, १२, १६. हीसुद्धा श्रेढीच, फरक ४. तिचं दहावं पद म्हणजे चार दाहे चाळीस. दहावं हवं, तर दहा वेळा चार. पाढ्यात हे जमतं, कारण तिथे पहिलं पद आणि फरक एकच असतो. इतकी वर्षं बरोबर उत्तरं देणारी ही सवय मुलगी इथेही वापरते : पहिलं पद सात, त्यावर दहा वेळा चार, झाले ४७.

तिला याच श्रेढीचं विसावं पद तोंडी विचारून बघा. बरीच मुलं दहाव्याची दुप्पट सांगतात, तेही पाढ्यामुळेच. चाळीसची दुप्पट ऐंशी खरी, पण इथे दहावं ४३ असून विसावं ८३ येतं, ८६ नाही.

पन्नास वेळा लिहून घेणं मला अजिबात पटत नाही. हात वळतो, समजूत तशीच राहते. परळच्या शाळेत शिकवत असताना मी सूत्राच्या आधी पदं लिहायला लावायचे, सगळी, एका ओळीत, आणि दोन पदांमध्ये पेन्सिलीने कमान काढून तिच्यावर ‘+४’. मग आधी पदं मोजायची, नंतर कमानी. पदं दहा, कमानी नऊ. तुम्ही भांडुपहून दादरला धीम्या लोकलने येता ना? भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर. स्टेशनं नऊ, पण गाडी धावते आठ टप्पे. सूत्रात पहिल्या पदात फरकाची ‘एन वजा एक’ पट मिळवतात, एन म्हणजे कितवं पद हवं ते. तो ‘एन वजा एक’ म्हणजे हे टप्पे. सात अधिक नऊ चोक छत्तीस, त्रेचाळीस.

हे बसलं की आणखी एक गोष्ट तिच्या हाताने होऊ द्या. चारच्या पाढ्याखाली ही श्रेढी लिहायला सांगा : ४ खाली ७, ८ खाली ११, १२ खाली १५. प्रत्येक ठिकाणी तीन जास्त. म्हणजे ही श्रेढी चारचा पाढाच आहे, तीनने पुढे सरकलेला. दहावं पद चाळीस अधिक तीन, विसावं ऐंशी अधिक तीन. तिची जुनी सवय मोडावी लागत नाही, तीन कुठे मिळवायचे तेवढं कळतं.

हीच चूक उलट्या बाजूनेही होते. तीनने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती? मुलं ९९ मधून १२ वजा करतात, तीनने भागतात आणि २९ लिहितात. हे २९ टप्पे झाले. संख्या ३० आहेत.

प्रश्न : गणितज्ञ गाउसची गोष्ट वर्गात ऐकली. १ ते १०० मध्ये ५० जोड्या, प्रत्येकीची बेरीज १०१, म्हणून ५०५०. पण पदं सात असली तर साडेतीन जोड्या कशा करायच्या? विचारलं तर ‘सूत्रात घाल, येतं उत्तर’ असं सांगतात. — दहावीतला विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : तू अडलास ते अगदी योग्य जागी. जोड्यांची गोष्ट सम पदांपुरती सरळ चालते, पुढचं कुणी सांगत नाही.

५, ९, १३, १७, २१, २५, २९ ही ओळ लिही. तिच्याखाली तीच ओळ उलटी, २९ पासून ५ पर्यंत. आता वरखालच्या संख्या मिळव : प्रत्येक वेळी ३४. मधल्या १७ खाली १७ च येतो, तिथेही ३४. सात वेळा ३४ म्हणजे २३८. एकच बेरीज आपण दोनदा घेतली, म्हणून निम्मे : ११९. बेरजेच्या सूत्रातला भागिले दोन इथून येतो. जोड्या फोडाव्याच लागत नाहीत.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीची बेरीज तीन पायऱ्यांनी दिली आहे : आधी शेवटचं पद, मग पहिल्या आणि शेवटच्या पदाच्या बेरजेचं निम्मं, ज्याला ते मध्यधन म्हणतात, आणि मग त्याला पदांच्या संख्येने गुणायचं. तुझ्या सात पदांत मध्यधन १७, गुणिले सात, ११९. शेवटचं २९ काढून टाक. सहा पदांचं मध्यधन १५. ओळीत १५ कुठेच नाही, तरी पंधरा सक नव्वद ही बेरीज बरोबर येते. मिळवून बघ.

प्रश्न : माझ्या वर्गात २०, १७, १४… चा फरक मुलं ३ लिहितात. शाब्दिक उदाहरणांत तर पद विचारलंय की बेरीज, हेच त्यांना कळत नाही. — एक शिक्षक, गोवंडी

उत्तर : सर, प्राथमिक शाळेत ‘फरक काढा’ म्हणजे मोठ्यातून लहान वजा करणं. इथे नियम वेगळा : पुढचं पद वजा मागचं. फरक ३ धरणाऱ्याचं दहावं पद ४७ येईल. त्याला फक्त विचारा, उतरणाऱ्या ओळीत ४७ कसा आला? खरं उत्तर उणे ७ आहे, ते तो स्वतःच शोधायला लागेल.

दुसऱ्या अडचणीसाठी तक्ता. पहिल्या महिन्यात २०० रुपये शिल्लक टाकले, पुढे दर महिन्याला ५० जास्त. तीन रकाने : महिना, त्या महिन्यात टाकलेले, आजवर जमलेले. १, २००, २००. २, २५०, ४५०. ३, ३००, ७५०. बाराव्या महिन्यापर्यंत हाताने भरू द्या. जमलेले ५७०० होतात. बाराव्या महिन्यात टाकलेलेही ७५० च. हे दोन्ही ७५० फळ्यावर गोल करा आणि वर्गाला विचारा, यातला कुठला पदाचा आणि कुठला बेरजेचा.