वारशानं आलेल्या जुन्या वेब्लीवर कोरीवकाम करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांची वेब्ली अँड स्कॉटची .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर वारशानं तुमच्या लायसन्सवर चढली आहे. नळीच्या माथ्यावर 'मँटन अँड कंपनी, कलकत्ता' असं विकणाऱ्या दुकानाचं नाव आहे, ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) बरंचसं शाबूत आहे, मूळ पेटीसुद्धा घरात आहे. इंदूरच्या एका कारागिरानं तिच्यावर वेलबुट्टी, सोन्याच्या तारेतला गणपती आणि घराण्याचं चिन्ह कोरून द्यायचं कबूल केलंय. करून घ्यावं का, आणि त्यानं किंमत वाढेल का, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: करून घेऊ नका. किंमत वाढणार नाही, कमी होईल. पण किमतीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. सराफ्यात पस्तीसेक वर्षं कोरणीचं काम करतोय: दागिन्यांचे ठसे, चांदीच्या ताटांवरची नावं, मुद्रा, कुलचिन्हं. पोलादावर हात चालतो. म्हणजे 'कोरू नका' हे मी कोरण्यावरच पोट भरून सांगतोय, एवढं ध्यानात घ्या.

१९९४ साली माझ्या मामांची साठी होती. त्यांच्याकडे वेब्लीची छोटी .३२ होती, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. नळीवर 'आर. बी. रोडा अँड कंपनी, कलकत्ता' असं बारीक अक्षरांत ठोकलेलं. मी तेव्हा तरुण होतो, हात नुकता बसला होता, आणि मामांना काहीतरी असं द्यावं की ते आयुष्यभर जपतील, एवढंच डोक्यात होतं. शहरातल्या एका लायसन्सवाल्या दुकानात, मामांच्या समोर बसून आठ दिवस काम केलं. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना वेल, सिलिंडरच्या खाचांमधून पानं, मुठीजवळ मोर. काम चांगलं झालं होतं. आजही ते पाहिलं तर रेषा कुठं अडखळलेली दिसत नाही.

पण कोरण्याआधी पृष्ठभाग साफ लागतो. दुकानातल्या माणसानं ब्लूइंग उतरवलं आणि बफ मारला. मी शेजारीच उभा होतो. चाक फिरत होतं, पोलाद चकचकीत होत होतं, मला ते छानच वाटलं. नंतर भिंगातून पाहिलं तेव्हा रोडाचं नाव साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या नावासारखं झालं होतं. आहे म्हणावं तर आहे, वाचायला जावं तर नाही. फ्रेमच्या धारदार कडा गोल झाल्या होत्या. स्क्रूंच्या भोवती सपाट पोलाद असतं तिथं बशीसारखे खळगे पडले होते. मग नवं ब्लूइंग झालं, उकळत्या क्षारांतलं, तव्यासारखं काळं. जुन्या पृष्ठभागाला उन्हात धरलं की एक निळी-जांभळी झाक यायची. ती गेली.

मामा खूश होते. त्यांनी ती शेवटपर्यंत कौतुकानं दाखवली. ते गेल्यावर मामींना ती ठेवायची नव्हती, म्हणून रीतसर लायसन्सदार गिऱ्हाईक शोधलं. इंदूरहूनच एक गृहस्थ आले, जुन्या हत्यारांचे जाणकार. त्यांनी खिशातून भिंग काढलं, नळीचा माथा पाहिला, एक एक स्क्रू पाहिला, आणि माझ्या कोरीवकामाकडे सगळ्यात शेवटी नजर टाकली. म्हणाले, "हात फार सुंदर आहे. पण रोडाची वेब्ली मला हवी होती, ती यात राहिली नाही." मूळ अवस्थेत असती तर जे दिलं असतं त्याच्या निम्म्याहून कमी त्यांनी सांगितलं. मामी माझ्याकडे पाहून काही बोलल्या नाहीत. ते मला अजून बोचतं.

त्या रोडाच्या नावाचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. हीच ती फर्म, जिच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली. मामांची रिव्हॉल्व्हर त्यातली नव्हती, तिचा त्या घटनेशी काही संबंध नाही. पण नळीवरच्या दोन ओळींमुळे एक वस्तू बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून कलकत्त्याच्या दुकानात आणि तिथून ग्वाल्हेरच्या एका वाड्यात कशी आली, याचा धागा हातात राहतो. मी तो धागा बफखाली जाऊ दिला. तुमच्याकडे मँटनचं नाव आहे, आणि ते अजून स्वच्छ वाचता येतंय.

आता पोलादाचं बोलू. कोरीवकाम म्हणजे धातू काढणं. सोनं बसवायचं तर आणखी खोल जावं लागतं: खाच खणायची, तिच्या तळाशी दोन्ही बाजूंनी आत कापायचं, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, मग तार ठोकून बसवायची. आपल्याकडे याला तहनिशान म्हणतात. कोफ्तगिरी वेगळी. तीत पृष्ठभागावर नुसती बारीक आडवी-उभी खरवड करून त्यावर सोन्याची तार दाबतात आणि घोटतात. जुन्या तलवारींच्या मुठींवर, कट्यारींवर तीच दिसते. तुमचा कारागीर यांतलं कुठलं काम करणार आहे ते आधी विचारा. कोफ्तगिरी असेल तर खोळीत आत-बाहेर करण्यानंच ती काही वर्षांत झिजेल. तहनिशान असेल तर टिकेल, पण त्यासाठी काढलेलं पोलाद परत येत नाही. सिलिंडरवर तर मला सोनं मुळीच नको वाटतं. काडतुसाच्या घराबाहेरची भिंत तिथं आधीच पातळ असते, आणि गोळी सुटताना सगळा दाब तिच्यावरच येतो.

शिवाय ज्या भागांना वरून कडकपणा दिलेला असतो, जसं घोडा, चाप, ते कोरायचे तर आधी तापवून मऊ करावे लागतात आणि मग पुन्हा कडक करावे लागतात. त्यात भाग किंचित जरी वाकला तर घोडा जिथं अडतो ती जागा बदलते. हे नुसतं शोभेचं राहत नाही.

म्हणूनच कारखान्यात कोरीव बंदुका वेगळ्या पद्धतीनं बनत. अमेरिकेतल्या कोल्टच्या कारखान्यात आधी गुस्ताव्ह यंग आणि नंतर १८७१ पासून १९२१ पर्यंत कुनो हेल्फ्रिक्ट यांच्या हाताखाली जे काम झालं, ते पांढऱ्या पोलादावर झालं. आधी कोरायचं, मग कडक करायचं, मग ब्लूइंग किंवा निकेल चढवायचं. त्या बंदुकांची कारखान्याच्या वहीत नोंद असते आणि आजही संग्राहक त्या नोंदीचं पत्र मागवतो. अशा कोल्टला साध्या कोल्टपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. 'कोरलं की किंमत वाढते' हा समज तिथूनच आलाय. पण तीच वेल पन्नास-शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणी कोरली तर जाणकार तिला 'मागाहून कोरलेली' म्हणतात, आणि मूळ पृष्ठभाग शाबूत असलेल्या साध्या बंदुकीच्याही खाली ठेवतात. तुमची वेब्ली साधीच कारखान्यातून निघाली. साधी असणं हीच तिची मूळ अवस्था आहे.

हे सगळं मूळ पृष्ठभागावर अवलंबून आहे, म्हणून एकदा खात्री करून घ्या. काडतुसं काढून, सिलिंडर रिकामा आहे हे स्वतः पाहून, रिव्हॉल्व्हर दिवसाच्या उजेडात धरा आणि दहापट भिंग लावा. मँटनच्या अक्षरांच्या कडा टोकदार आहेत का? ठोकलेल्या अक्षराभोवती पोलाद किंचित उचललेलं असतं, बफनं ते सगळ्यात आधी जातं. वेब्लीची छाप, म्हणजे पंखवाली गोळी, दिसते का, बंदूक दाब सोसते का याच्या बर्मिंगहॅममधल्या परीक्षेचे मुकुटाचे ठसे स्वच्छ आहेत का? स्क्रूंच्या डोक्यांच्या खाचा चुरगळलेल्या नाहीत ना? फ्रेमवरचा नंबर आणि बाकी भागांवरचे नंबर जुळतात का? ब्लूइंग कुठं झिजलंय तेही पाहा. नळीच्या टोकाशी, मुठीच्या कडेला, जिथं खोळ आणि हात लागतो तिथं झिजलं असेल तर ते प्रामाणिक झिजणं आहे. सगळीकडे सारखंच काळं आणि कडा गोल असतील, तर कोणीतरी आधीच बफ मारलाय.

तसं निघालं तर माझं मत बदलतं. ज्या रिव्हॉल्व्हरचा मूळ पृष्ठभाग गेलाय, नंबर जुळत नाहीत, भाग बदललेत, तिच्यावर चांगल्या हाताचं काम करून घ्यायला माझी हरकत नाही. तिथं गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि नवं काम तिला नवं आयुष्य देतं. फक्त कारागिरानं मुठीच्या फळीखाली आपलं नाव आणि साल कोरावं, म्हणजे पुढं कोणी ते जुनं म्हणून खपवणार नाही.

कायद्याचं एक सांगायलाच हवं, कारण तुमचा कारागीर दागिन्यांच्या कामातला दिसतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. वेलीचं एक पान नंबरावर चढलं तरी तुम्ही अडचणीत. आणि दुरुस्तीचं लायसन्स नसलेल्या माणसाच्या हवाली रिव्हॉल्व्हर करून घरी येणं, 'दोन आठवड्यांनी घेऊन जा' म्हणणं, हे तर मुळीच करू नका. असं कुठलंही काम लायसन्सवाल्या दुकानात, पावती घेऊन, आणि जिल्हा कार्यालयाच्या शस्त्र शाखेत आधी लेखी विचारूनच करायचं. तुमची .३२ आहे हे बरं. .४५५ ची वेब्ली असती तर ती निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणाऱ्या हत्यारांत, गेली असती.

आजोबांची आठवण म्हणून काहीतरी करावं ही तुमची इच्छा मला मनापासून पटते. त्यासाठी पोलादाला हात लावायची गरज नाही. वेब्लीच्या मुठीच्या फळ्या एका स्क्रूवर बसतात. त्या काढा, मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवा. शिसमाच्या किंवा अक्रोडाच्या लाकडाच्या नव्या फळ्या करून घ्या, आणि त्यात रुपयाएवढी चांदीची चकती बसवा. गणपती तिच्यावर, कुलचिन्ह दुसऱ्या बाजूला. चांदीवर कोरणी पोलादापेक्षा सुंदर चालते, सोंडेचं वळण, कानाची कड, सगळं नीट उतरतं. नातवाला नको वाटलं तर एक स्क्रू फिरवून तो आजोबांची रिव्हॉल्व्हर जशीच्या तशी परत मिळवू शकतो. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चांदीची पट्टी बसवून तिच्यावर आजोबांचं नाव, गाव आणि लायसन्सवर चढल्याचं साल कोरून घ्या. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा तीच. आणि हस्तिदंताच्या फळ्या कोणी सुचवल्या तर नाही म्हणा, त्याचा व्यापार बंद आहे.

कोरलेली रिव्हॉल्व्हरच हवी असेल, तर कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ पाहा. तिचा साचा वेब्लीच्या मार्क फोर या मॉडेलवरूनच घेतलेला आहे. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा तुमच्याकडे जागा असेल तर. तिच्यावर हवं ते करा.

एक आणखी. निवडणुका आल्या की आपल्याकडे हत्यारं बहुतेकदा ठाण्यात किंवा दुकानात जमा करावी लागतात. ग्वाल्हेर-चंबळच्या लोकांना हे चांगलंच ठाऊक आहे. जमा करण्याआधी तेलाचा पातळ हात द्या आणि नंतर उघड्या बोटांनी शिवू नका. मी अशा कितीतरी बंदुका पाहिल्यात ज्यांच्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजून पोलादात कायमचा उतरलाय. परत आणलीत की त्याच दिवशी पुसा.

मुठीच्या चकतीचा विचार असेल तर फळीचा एक फोटो आणि मापं इथं टाका, नंबर मात्र झाकून. गणपतीचं रेखाटन मी करून देईन, तुमचा कारागीर ते चांदीत उतरवेल.