पॅराशूट राहू द्या, आधी चिठ्ठी लावा

मॅडम, सातवीच्या पोट्ट्यांचं 'मंगळावरचा दगड पृथ्वीवर' हे मॉडेल, तालुक्याचं प्रदर्शन आठ दिवसांवर आणि दगड परत आणणाऱ्या कुपीचं पॅराशूट काही केल्या उघडत नाही, कोणतं कापड घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मोटर, बॅटरी, वायरिंग यावर मी बोलत नाही, ते तुम्ही केलेलंच दिसतंय.

कापडाचं म्हणाल तर पॅराशूट काढूनच टाका. मंगळाचे दगड आणायच्या नासा आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या आराखड्यातही कुपी पॅराशूटशिवाय थेट जमिनीवर आदळणार होती. २००४ साली 'जेनेसिस' यानाची कुपी सूर्याकडून येणारे कण घेऊन परतली, तेव्हा पॅराशूट कधी उघडायचं हे ठरवणारे सेन्सरच उलटे बसवलेले निघाले. पॅराशूट उघडलं नाही, कुपी युटाच्या वाळवंटात आपटून फुटली. म्हणून पडली तरी आतलं फुटू नये अशी कुपी करा. परीक्षकांनी विचारलं तर पोट्ट्यांना हेच सांगू द्या.

पण तुमच्या फोटोत मला दुसरंच खटकलं. रोव्हरच्या, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या गाडीच्या, बाजूला एकाच डबीत चार दगड, आणि कुठून आणला याची चिठ्ठी एकालाही नाही. इथं माझा जुना घाव आहे, म्हणून एवढं लांबण लावतोय.

२२ मे २०१२. काटोलच्या भागात भर दुपारी दोनच्या सुमारास आभाळात असा धमाका झाला, की आम्हाला वाटलं कोणाच्या तरी विहिरीत सुरुंग लागला. उल्का फुटली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला संत्र्याच्या बगिच्यात दगड सापडला. मोठ्या आवळ्याएवढा, वरून काळाकुट्ट, फुटल्या बाजूनं राखेच्या रंगाचा. मी गावचा विज्ञानाचा मास्तर, म्हणून तो माझ्याकडं आला. आणि मास्तरानं काय केलं? साबणाच्या पाण्यानं धुतला. जुन्या स्पीकरचं चुंबक लावून पाहिलं. आईनं हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळपर्यंत पंचवीस जणांनी हाताळला.

यात चुंबक सगळ्यात वाईट, हे लय उशिरा कळलं. दगड घडताना भोवती चुंबकीय क्षेत्र होतं की नाही याची खूण त्याच्यात राहते, ताकदीचं चुंबक लावलं की ती पुसली जाते. मंगळाचं चुंबकीय क्षेत्र कधी विझलं हे अशाच खुणांवरून शोधायचं असतं.

तरी या चुकांनी जेवढं गेलं नाही, तेवढं पुढं गेलं. चिवड्याच्या पन्नीत दगड घालून मी एका कार्यालयात गेलो. कोणतं ते विचारू नका. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "दगड पडला त्या वावराचा सातबारा आणला काय?" खोटं वाटेल, पण खरंच विचारलं. सातबारा घेऊन पुन्हा गेलो. म्हणाले, दगड ठेवून जा, चिठ्ठी आम्ही लावतो. मी पावती मागितली नाही. माझा सगळ्यात मोठा गाढवपणा तोच. तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर एक ट्रे सरकवला, त्यात सारखेच पाच काळे दगड. "तुमचा ओळखा अन् सांगा." मी फोटो काढला नव्हता, वजन केलं नव्हतं. काय सांगणार? पोरगं अजून भेटलं की विचारते, सर, आपल्या दगडाचं काय झालं?

जाऊ द्या. तुमच्या मॉडेलवर येतो. मंगळाचे दगड पृथ्वीवर फुकटही येतात. १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेला दगड मंगळाचाच निघाला. मग एवढा खटाटोप कशाला, असं परीक्षक विचारतीलच. उत्तर हे, की असे दगड मंगळावर नेमक्या कुठल्या जागेवरून उडाले हे कळत नाही. म्हणजे बिनचिठ्ठीचे. नासाचा 'पर्सिव्हरन्स' रोव्हर २०२१ पासून मंगळावरच्या जेझेरो विवराच्या परिसरात जे करतोय ते नेमकं उलटं आहे. खडूच्या तुकड्याएवढी कांडी कोरायची, टायटॅनियमच्या नळीत घालायची, फोटो काढायचा, तिथंच सीलबंद करायची. प्रत्येक नळीला नंबर. एकूण ४३ नळ्या, त्यांतल्या ५ दगडासाठी नाहीतच. त्या साक्षीदार नळ्या. रोव्हरनं पृथ्वीवरून सोबत काय घाण नेली ते त्यांच्यावरून कळावं, म्हणजे ती मंगळाच्या नावावर खपू नये. माझ्याकडं अशी एक नळी असती तर हळद कुठून आली ते तरी सांगता आलं असतं.

पोट्ट्यांना हेही सांगा की ऑगस्ट २०२१ मधली पहिली नळी रिकामी निघाली. दगड इतका भुसभुशीत होता, की कोरता कोरता चुरा झाला. त्यांची पहिली नळी रिकामी निघाली तर तसं वहीत लिहू द्या. लपवायला लावू नका.

पुढचा भाग, मंगळावरून उडायचा, अजून कोणीच केलेला नाही. चंद्रावरून माती आली, लघुग्रहांवरून आली, पण दुसऱ्या ग्रहावरून आजवर एकही रॉकेट उडालेलं नाही. रॉकेट आधी तिथं उतरवायचं, थंडीत टिकवायचं, आणि पृथ्वीवरून हुकूम पोचायलाच कधी ३ तर कधी २२ मिनिटं लागणार. म्हणजे माणसाच्या भरवशावर काही नाही. २०२३ मध्ये नासानं नेमलेल्या स्वतंत्र समितीनं नळ्या आणायचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलर सांगितला आणि गाडी तिथंच रुतली. नळ्या मंगळावरच आहेत. कापूस वेचून घरात पडलाय आणि उचलायला गाडी नाही, तसं. हे वाक्य पोट्ट्यांना द्या, आपल्याकडच्या परीक्षकांना लगेच समजेल.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही, निवृत्त मास्तर आहे, चुकलो असेन तर जाणकारांनी सांगावं. तरी माझं मत पक्कं आहे. रॉकेटवर चार दिवस घालवू नका, नळ्यांवर घाला. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून वाळवा, बुचं मेणानं बंद करा, नंबर घाला, एक बाटली रिकामी ठेवून तिच्यावर 'साक्षीदार' लिहा.

दगडासाठी लोणारला जायचा विचार कोणीतरी सुचवलाय. तिथलं विवर बसाल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात आहे, म्हणून मंगळाशी तुलना करायला शास्त्रज्ञ येतात हे खरं, पण ते अभयारण्य आहे, तिथून खडाही उचलू नका. कोणाची नवी विहीर खणणं सुरू असेल तर तिथल्या ढिगातला काळा फत्तर घ्या, तोही बसाल्टच. फक्त घेताना विहीर कोणाची, किती फूट खालून आला आणि तारीख काय, ते तिथंच उभं राहून लिहा. घरी येऊन लिहू म्हणाल तर राहते.