हद्दीपलीकडचा स्वस्त गाळा घ्यावा का?

प्रश्न : माझा लेबलं आणि खोकी छापण्याचा व्यवसाय आहे. बारा कामगार, नऊ वर्षं भाड्याच्या जागेत. आता स्वतःचा गाळा घ्यायचाय. एक इथेच पाहिलाय. दुसरा गाडीने वीस मिनिटांवर आहे, पण तिथे वेगळ्या कायद्याचा अंमल आहे. तो २० टक्के स्वस्त आहे आणि पूर्वी तिथे धातूला मुलामा देण्याचा कारखाना होता. ‘वाद झाला तर तुमच्याच शहरातल्या कोर्टात’ असं विक्रेता करारात लिहून द्यायला तयार आहे. माझी बँक त्या गाळ्यावर कर्ज देत नाही, घर तारण ठेवलं तर देते. घेऊन टाकू का?

उत्तर : नका घेऊ. निदान आत्ता, आणि घर तारण ठेवून तर नकोच.

विक्रेत्याच्या ज्या कलमावर तुम्ही विसंबून आहात, त्यापासूनच सुरुवात करतो. पैसे थकले, ताबा उशिरा मिळाला, अशा देण्याघेण्याच्या भांडणात ते कलम कदाचित कामी येईल. पण गाळ्याची मालकी कोणाची, त्यावर आधीचा बोजा आहे का, शेजाऱ्याला आतून वाट आहे का, हे प्रश्न जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात सुटतात. हा नियम जुना आहे. परदेशातल्या जमिनीच्या मालकीचा वाद आपण चालवणार नाही, असं इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, १८९३ मध्ये मोझांबिकमधल्या जमिनींच्या खटल्यात ठरवलं. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमावलीतही स्थावर मालमत्तेच्या हक्कांचे वाद त्या त्या देशाच्याच कोर्टाकडे राखून ठेवलेत, दोन्ही पक्षांनी करारात दुसरं काही लिहिलं तरी. तेव्हा विक्रेता देतोय ते आश्वासन खोटं नसेल, पण तुमची मोठी भीती त्याने जात नाही.

आता बँकेकडे पाहा. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटलं. बँकेला तुमच्या धंद्यावर भरवसा आहे, म्हणूनच ती कर्ज देतेय. नको आहे तो गाळा. कर्ज थकलं तर पलीकडच्या कोर्टात जाऊन, तिथल्या पद्धतीने जप्ती आणून, तिथल्या बाजारात तो विकण्याची यातायात तिला परवडत नसावी. म्हणून ती तुमचं घर मागते. म्हणजे जी जोखीम बँकेने नाकारली, ती तुम्ही कुटुंबाच्या डोक्यावर घेणार, आणि तीही २० टक्के सवलतीसाठी. हा सौदा मला पटत नाही.

शिवाय ते २० टक्के पूर्ण हातात पडत नाहीत. खरेदीवरचा कर तिथल्या दराने, वकील तिथला, आणि बहुधा प्राप्तिकराची दोन विवरणपत्रं. देशादेशांमधले कर-करार बहुधा ज्या नमुन्यावर बेततात, त्या ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या) मसुद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर कर लावायचा हक्क ती जिथे आहे त्या देशाला असतो. कायमचा कारखाना उभा केलात तर त्यातून होणाऱ्या नफ्यावरही. एकाच देशातली दोन राज्यं असली, तरी नोंदणी, स्थानिक कर आणि कामगार कायदे वेगळे असू शकतात. दोन्ही गाळ्यांचा पाच वर्षांचा खर्च शेजारी शेजारी मांडा. दोन्ही ठिकाणचं काम जाणणारा कर सल्लागार बसवूनच मांडा.

मला खरी धास्ती त्या मुलाम्याच्या कारखान्याची आहे. अशा कारखान्याच्या जमिनीत क्रोमियम, सायनाइड मुरलेलं असू शकतं. ते काढायचा खर्च कोणाचा, याचं उत्तर हद्द ओलांडली की बदलतं. अमेरिकेत विषारी जागांच्या सफाईसाठीच्या १९८० च्या सुपरफंड कायद्याखाली घाण आधीच्या मालकाने केलेली असली तरी आजच्या मालकाकडून वसुली होऊ शकते. त्यातून सुटायचं तर खरेदीआधी रीतसर तपासणी केल्याचं दाखवावं लागतं. तुमच्या त्या हद्दीत काय नियम आहे, ते तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या, आणि मातीचे नमुने तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. साफसफाईचा खर्च गाळ्याच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो.

छपाईला तिथे परवानगी आहे का, हेही पाहा. शाई आणि द्रावकं आली की काही ठिकाणी छपाई साध्या गोदामात बसत नाही. कुठे घरं आणि कुठे कारखाने हे ठरवणाऱ्या नगररचना आराखड्यातली एक रेघ किती महाग पडते, हे अमेरिकेतल्या युक्लिड गावच्या खटल्यात दिसतं. अँबलर कंपनीचं म्हणणं होतं, की कारखान्यांसाठी तिच्या जमिनीला एकरी सुमारे १०,००० डॉलर येतात, फक्त घरांसाठी राखली तर २,५०० च्या वर नाहीत. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

मग करायचं काय? ती जागा मनात भरलीच असेल, तर आधी भाड्याने घ्या. पण भाडेकरूचं संरक्षणही हद्दीप्रमाणे बदलतं. इंग्लंडमध्ये १९५४ च्या कायद्याने व्यावसायिक भाडेकरूला करार संपल्यावर नव्या कराराचा हक्क मिळतो, अर्थात सुरुवातीला रीतसर सोडून दिला नसेल तर. ब्रिटनच्याच उत्तरेला स्कॉटलंडमध्ये तो कायदा लागूच नाही. फ्रान्समध्ये व्यावसायिक भाडेकरार साधारण नऊ वर्षांचा असतो, भाडेकरूला दर तीन वर्षांनी बाहेर पडता येतं, आणि मालकाने नूतनीकरण नाकारलं तर बहुतेक वेळा भरपाई द्यावी लागते. तुमच्या यंत्रांचा पाया ओतायचा, वीजभार वाढवायचा, म्हणजे तीन वर्षांत उठावं लागलं तर तो पैसा जमिनीतच राहणार. म्हणून नूतनीकरणाचा हक्क, ठरल्या किमतीला विकत घेण्याचा पर्याय, आणि जागा सोडताना ‘मूळ स्थितीत’ म्हणजे नेमकं काय, हे तिन्ही लिहून घ्या. तिथल्या कायद्यात हे हक्क नोंदवता येत असतील तर नोंदवा, नाहीतर मालक बदलला की ते नव्या मालकावर बंधनकारक राहतीलच असं नाही. जुनं प्रदूषण तुमच्या माथी येणार नाही, हेही करारात हवं. वैयक्तिक हमीवर सही करू नका. वेगळी कंपनी काढूनही ती हमी दिलीत, तर कंपनीच्या देण्यांपासून तुमच्या घराला वाचवणारी भिंत उरत नाही.

एका गोष्टीने माझं मत बदलेल. पलीकडची एखादी बँक तुमच्या घराला हात न लावता फक्त त्या गाळ्यावर कर्ज देत असेल, तर मातीचा अहवाल आणि तिची मंजुरी घेऊन परत लिहा. तिच्या वकिलाने मालकीची कागदपत्रं तपासलेली असतील. तोवर इथल्या गाळ्याच्या मालकाला विचारा, किमतीत किती उतरतोय ते. तुमची बँक घर तारण न घेता इथल्या गाळ्यावर कर्ज देते का, हेही याच आठवड्यात विचारून घ्या.