बहुमत मिळूनही बुद्धिबळ महासंघाच्या सचिवांना कोर्टाने का काढलं? आणि या निवडणुका दरवेळी कोर्टातच का जातात?

'निवडून आलेल्या माणसाला कोर्टाने काढणं ही लोकशाहीची थट्टा नाही का?' असंही तुम्ही प्रश्नाच्या खाली विचारलंय. मी लिहायला बसलो ते या ओळीमुळे. विषय अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचे सचिव भरतसिंह चौहान यांचा: 2021 मध्ये 35 मतं घेऊन निवडून आले, 2022 मध्ये कोर्टाने काढलं. थट्टा वगैरे काही नाही. हाच मुद्दा आमच्याकडच्या बुद्धिबळवाल्यांना 2022 पासून समजावतोय, आणि दर वेळी 'अहो, पण 35 मतं पडली होती ना!' हेच उत्तर मिळतं. तेव्हा या 35 मतांचंच बघू.

महासंघात खेळाडूला मत नसतं, राज्य संघटनांना असतं. प्रत्येक संलग्न राज्याचे दोन प्रतिनिधी, प्रत्येकाचं एक मत. जानेवारी 2021 मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली ऑनलाइन मतदान झालं तेव्हा एकूण मतं होती 64. (पटावरच्या घरांइतकी, पण तो निव्वळ योगायोग.) अध्यक्षपदासाठी संजय कपूर 33, तेव्हाचे अध्यक्ष पी. आर. वेंकटरामा राजा 31. सचिवपदासाठी भरतसिंह चौहान 35, महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे 29. खजिनदारपदासाठी नरेश शर्मा 34, गोव्याचे किशोर बांदेकर 30.

हे आकडे एकाखाली एक लिहून बघा. कपूर, शर्मा आणि चौहान एकाच पॅनेलचे, तरी मतं 33, 34, 35. म्हणजे किमान दोघांनी सचिव या पॅनेलचा आणि अध्यक्ष त्या पॅनेलचा निवडला. अध्यक्षपदाचं एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर 32-32. इतक्या कमी फरकाने निकाल लागतो तेव्हा हरलेली बाजू घरी बसत नाही, वकील गाठते.

आता चौहान. ते आधीपासूनच सचिव होते. क्रीडा संहितेत, म्हणजे क्रीडा महासंघांसाठीच्या केंद्र सरकारच्या नियमावलीत, 1975 पासून चालत आलेली एक अट होती: पदावर असलेला माणूस त्याच पदासाठी पुन्हा उभा राहिला, तर साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. 64 चे दोन तृतीयांश म्हणजे 42.67, म्हणजे प्रत्यक्षात 43. चौहान यांना आठ मतं कमी पडली. डोंगरे याच मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जून 2022 मध्ये न्यायालयाने चौहान यांना पदावरून दूर केलं. मुद्दा चौहान चांगले की वाईट हा नव्हताच, 35 आणि 43 मधल्या फरकाचा होता.

आणि ही अट एकाच बाजूला चावत होती असंही नाही. राजाही पदावर असतानाच उभे होते. त्यांना 33 मतं पडली असती तर हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने त्यांच्यावर उलटवला असता. 'चेन्नईवाले विरुद्ध दिल्लीवाले', म्हणजे राजांचा गट विरुद्ध चौहानांचा, अशी फोड करणाऱ्यांनी हे कधी तपासलेलं नसतं.

पुढचा भाग पेचाचा आहे. जुलै 2022 अखेरीस चेन्नईजवळ मामल्लापुरमला 44 वं बुद्धिबळ ऑलिम्पियाड, म्हणजे देशोदेशींच्या संघांची स्पर्धा, होतं. ते मुळात रशियात व्हायचं, युक्रेनच्या युद्धामुळे तिथून हललं आणि भारताने जेमतेम चार महिन्यांत उभं केलं. स्पर्धेचे संचालक चौहानच. स्पर्धा तोंडावर आणि सचिव बाहेर! सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 15 ऑगस्टपर्यंत काम पाहू दिलं. ऑलिम्पियाड त्याआधी संपलं, चौहान पायउतार झाले, आणि विपनेश भारद्वाज यांनी सचिवपदाचा कारभार घेतला.

दरवेळी कोर्टात का जातं, याचं खरं उत्तर मतदानाच्या दिवशी नाही, मतदार यादीत आहे. राज्य संघटनेने दोन नावं पाठवायची असतात. त्याच संघटनेत दोन गट असले की एक पत्र अध्यक्षांच्या सहीने जातं, दुसरं सचिवांच्या सहीने, आणि निवडणूक अधिकाऱ्यापुढे एका राज्याचे चार प्रतिनिधी उभे राहतात. कुठले दोघे खरे हे त्याने यादी अंतिम करण्याआधी ठरवायचं. तो ठरवेल त्यावर दुसरा गट याचिका टाकणार, हे ठरलेलंच. जिथे दोन मतांनी अध्यक्ष ठरतो तिथे एका राज्याची दोन मतं म्हणजे अख्खा निकाल आहे. त्यात महासंघाची जुनी पाळंमुळं चेन्नईत, क्रीडा मंत्रालय दिल्लीत, त्यामुळे कधी मद्रास उच्च न्यायालय, कधी दिल्ली.

महाराष्ट्रात कुठली कार्यकारिणी खरी हे बघायचं असेल तर लेटरहेड बघू नका, ते कुणीही छापतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संघटनेचं परिशिष्ट एक, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या नोंदीचा उतारा, बघा. निवडणूक झाली की 90 दिवसांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्टावर जुनीच नावं राहतात. हरकत आली की अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. तोवर नवी कमिटी स्पर्धा घेते, जुनी कमिटी कागदावर जिवंत असते, आणि दोघीही महासंघाकडे प्रतिनिधी पाठवतात. जिल्हा पातळीवरही हाच घोळ, फक्त तिथे कोर्टाचा खर्च परवडत नाही म्हणून बातमी होत नाही.

एवढं भांडण त्या खुर्चीसाठी का? खेळाडूची नोंदणी, स्पर्धेला मान्यता, राष्ट्रीय निवड, फिडेकडे (जागतिक बुद्धिबळ महासंघाकडे) जाणारं सगळं त्याच दारातून जातं. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणाऱ्यांवर बंधनं घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) 2018 मध्ये महासंघाला 6.92 लाखांचा दंड ठोठावला होता. त्यावरून त्या खुर्चीचं वजन कळावं.

खेळाडूंना मत हवं का? हवं. क्रीडा संहितेने नामवंत खेळाडूंना मताधिकारासह साधारण 25 टक्के जागा सुचवल्या होत्या. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला बंधनकारक केल्या, वादांसाठी न्यायाधिकरणही दिलं. पण कार्यकारिणीतली जागा आणि अध्यक्ष निवडण्याचं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेटिंग असलेल्या प्रत्येकाला मत द्या म्हणणाऱ्यांनी आधी मतदार यादी कोण ठेवणार ते सांगावं.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, चौहान यांच्या कामाबद्दल मी काहीही वाईट म्हटलेलं नाही. चेन्नईत आपल्या दुसऱ्या संघाने खुल्या गटात आणि महिलांच्या पहिल्या संघाने कांस्य मिळवलं, संयोजनही चांगलं झालं. अट बदलायला हवी असेल तर बदला, पण लागू असताना ती पाळावी लागते. दुसरं, मार्च 2024 मध्ये नितीन नारंग अध्यक्ष आणि देव पटेल सचिव बिनविरोध निवडून आले, म्हणून 'आता वाद मिटले' असं कुणी म्हटलं तर माझा त्यावर विश्वास नाही. बिनविरोध म्हणजे मतांची मोजणी, अर्ज मागे घेण्याच्या तारखेआधीच झालेली असते. तुमच्या राज्याचे ते दोन प्रतिनिधी कुठल्या सभेत, कुठल्या ठरावाने ठरले, त्या सभेची नोटीस कधी निघाली आणि गणपूर्ती होती का, एवढं इतिवृत्तातून मागवून बघा.